करकोचा आणि सासूची कुरकुर

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला सासूने पुन्हा तोंड उघडलं.

ही आमच्या ऑफिसातली सासू. खरं म्हणजे तो एक स्कॅनर आहे. आम्ही लिहिलेला प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तो ओळ न् ओळ वाचतो आणि चोराला शिरायला कुठे फट आहे असं वाटलं, की लाल रेघ मारून दार लावून घेतो. दहातल्या नऊ वेळा तिथे काहीच नसतं. उंबऱ्यावर चप्पल तिरकी पडली तरी घर बुडाल्यासारखा आरडाओरडा. म्हणून ओग्न्यानने त्याचं नाव सासू ठेवलं. ओग्न्यान आमच्यातला सगळ्यात जुना, आणि त्याच्या दाढीत सकाळी खाल्लेल्या चीजच्या खुसखुशीत बनित्साचा चुरा संध्याकाळपर्यंत असतो.

सासूने लावलेलं दार उघडायचं, तर कुणीतरी एका ओळीत लिहायचं, ‘खोटा इशारा, कारण अमुक’, आणि खाली आपलं नाव घालायचं. दीड वर्षाच्या रजेवरून मी तीन आठवड्यांपूर्वी परत आले तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. लेकुरवाळीला सोपं काम, असा सगळ्यांचा प्रेमळ हिशेब.

“राली, सही टाक गं पटकन,” ओग्न्यान पलीकडच्या टेबलावरून ओरडला. “पाचला पाळणाघर-प्रवेशाची यादी लागायचीय. नगरपालिकेच्या मिहोवाबाईंचे आत्तापर्यंत चार फोन झालेत.”

“काय म्हणतेय काय सासू?”

“म्हणतेय, ह्या ओळीत चिठ्ठीसारखा जो आकडा उचललाय, तो पुरेसा बेभरवशाचा नाही. हुशार माणूस आधीच ओळखू शकेल.”

“आणि हा आकडा लागतो कशाला?”

“गाढवाला.”

मी मान वर केली.

“गाढवाला, सशाला, बेडकाला. अगं, चित्रं! पाळणाघराची चित्रं. पाच वर्षांपूर्वी मीच लिहिलंय ते. सकाळी चित्रांचा आकार जरा वाढवला, फाइलला हात लागला, म्हणून बाईसाहेबांनी आज ती पहिल्यांदाच वाचली.”

आमच्याकडे पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाचं एक चित्र असतं. खुंटीवर तेच, टॉवेलवर तेच, उशीवर तेच, कारण दीड वर्षाच्या जिवाला नाव वाचता येत नाही. ओग्न्यानच्या डोक्यातून निघालं, की अर्ज भरतानाच चित्र मिळावं. पुढे प्रवेशाची यादी लागते, तीत मुलांची नावं छापता येत नाहीत, मग अर्जाचा क्रमांक आणि शेजारी ते चित्र. आयांना ते फार आवडलं. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात मार्च महिन्यात बायका एकमेकींना “तुमचं काय आलं?” असं विचारतात आणि उत्तर येतं, “अस्वल.”

म्हणजे आकडा ओळखला काय, न ओळखला काय, फार तर कुणालातरी कळेल की आपल्याला ससा मिळणार. मी लिहायला घेतलं: खोटा इशारा, कारण हा आकडा फक्त चित्रासाठी...

‘फक्त’वर बोट थांबलं.

कारण वाळूच्या खड्ड्यापाशी रोज संध्याकाळी मी एक गोष्ट ऐकत होते आणि हसत होते. आमच्या इमारतीमागच्या बागेत त्स्वेती म्हणून एक आई येते, जुळ्यांची. तिनेच फेब्रुवारीत सांगितलं होतं, “करकोचा आला की प्रवेश पक्का. माझ्या बहिणीचा करकोचा, लागला. जावेचा करकोचा, लागला. गाढव आलं तर मात्र घरीच बसा.” सगळ्या हसल्या. आणि मग त्यातल्या निम्म्या जणींनी घरी जाऊन अर्ज मागे घेतला आणि पुन्हा भरला. पुन्हा भरला की नवं चित्र.

आमच्या घरीही हेच झालं. माझ्या खऱ्या सासूबाईंनी, मिन्काआईंनी, माझ्या लेकीला, कालिनाला, मांडीवर घेऊन एका बोटाने टाइप करत अर्ज सात वेळा भरला. बेडूक, गाढव, खार, पुन्हा गाढव, मधमाशी, अस्वल. सातव्यांदा करकोचा. मी घरी आले तर दोघी टाळ्या वाजवत होत्या.

“आई, असं काही नसतं हो. चित्राचा आणि प्रवेशाचा काय संबंध?”

“तू आपली शिकलेली आहेस,” त्या म्हणाल्या. “मला गाढवाचा टॉवेल शिवायचा नव्हता.”

आणि त्यांनी त्याच रात्री निळ्या टॉवेलवर करकोचा भरायला घेतला, लाल चोचीचा.

तर ‘फक्त’ ह्या शब्दावर माझं बोट, आणि मनात एक शंका हलली. कालिना पोटात पहिल्यांदा हलली तेव्हा मला असंच वाटलं होतं, की हे काय आहे, खरंच आहे की मला भास होतोय.

“ओग्न्यान, हा आकडा चित्र निवडल्यावर जातो कुठे?”

“कुठे जाणार? पडून राहतो बिचारा. अर्जाशेजारी एका खणात साठवलाय.”

“फेकला का नाहीस?”

“तेव्हा वाटलं लागेल कधीतरी. तुझ्या घरात प्लास्टिकचे डबे नाहीयेत का?”

मी त्या खणाचं नाव घेऊन सगळ्या प्रोग्रामभर शोध लावला. तीन जागा सापडल्या. पहिली, जिथे आकडा जन्मतो. दुसरी, जिथे चित्र निवडलं जातं. तिसरी जागा त्या फाइलीत नव्हतीच. ती होती ‘समान गुण’ नावाच्या फाइलीत.

मी खुर्चीतून अर्धवट उठले.

समान गुण हे प्रवेशाचं खरं दुखणं. आई-बाप दोघं नोकरीला असले की इतके गुण, भावंडं असली की तितके. शेवटी चाळीस-चाळीस मुलं एकाच गुणावर येऊन थांबतात आणि जागा उरतात चार-पाच. नियमात साफ लिहिलंय, तिथे चिठ्ठ्या टाकायच्या. ती फाइल लिहिली होती बॉयकोने, जो तीन वर्षांपूर्वी व्हिएन्नाला निघून गेला.

“ओग्न्यान, इकडे ये.”

“राली, साडेतीन झालेत—”

“ये म्हणते ना!”

तो आला. मी ओळ दाखवली. बॉयकोला चिठ्ठी हवी होती. त्याने बघितलं, प्रत्येक अर्जाशेजारी एक आकडा आयताच पडलाय. नवा कशाला काढा? त्याने तोच उचलला. ज्याचा आकडा मोठा, तो आधी.

ओग्न्यानने दाढी खाजवली. चुरा खाली पडला. “हं. मग? आकडा नशिबाचाच आहे ना? एकदा पाडला काय, दोनदा पाडला काय?”

“तू चित्र कसं निवडतोस?”

“एक ते बाराशे. पहिले शंभर गाढव, दुसरे शंभर बेडूक, असं करत करत...” तो बोलता बोलता मंदावला. “...अकराशेच्या पुढे...”

“अकराशेच्या पुढे काय, ओग्न्यान?”

“करकोचा,” तो अगदी हळू म्हणाला.

मला हसूच फुटलं. आनंदाचं होतं की भीतीचं, सांगता येणार नाही. “गाढवाचा आकडा सगळ्यात लहान. म्हणजे गाढव कायम शेवटी! अरे, चिठ्ठी आपण प्रत्येकाच्या कपाळावर रंगवून ठेवलीय. आणि वर म्हणतोय, पसंत नसेल तर अर्ज मागे घ्या, दुसरी देतो!”

“थांब, थांब. असं वाटतं खरं, पण बघितल्याशिवाय बोलायचं नाही. गेल्या वर्षीची यादी काढ.”

काढली. समान गुणांवर चिठ्ठीने लागलेली मुलं गावभरात एकेचाळीस. मी मोठ्याने वाचत गेले आणि तो कागदावर रेघा मारत गेला. करकोचा, करकोचा, खार, करकोचा, करकोचा. माझा आवाज चढत होता. हिशेबाच्या टेबलावरची वान्या चहाचा पेला घेऊन बघायला आली, लॉटरी लागली का म्हणून. सव्वीस करकोचे. पंधरा खारी, कारण चित्रांच्या क्रमात खार करकोच्याच्या अगदी आधीची. गाढव एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही.

“तीन वर्षं,” ओग्न्यान म्हणाला आणि खाली बसला. “तीन वर्षं वाळूतल्या बायकांना माहीत होतं आणि आपल्याला नाही.”

“सासूलाही कळलं. ती चुकीच्या ओळीकडे बोट दाखवत होती, पण वास बरोबर आला होता तिला.”

मी घाईघाईने यंदाची यादी उघडली. आमच्या वस्तीतल्या पाळणाघरात पाच जागा, समान गुणांवर अडतीस मुलं. करकोचे किती असावेत? तीन, फार तर चार. होते नऊ. त्स्वेतीचे दोन्ही जुळे त्यात. आणि वरून दुसऱ्या ओळीवर, आकडा अकराशे एक्क्याण्णव, तो अर्जाचा क्रमांक मला पाठ होता.

कालिना.

इतका वेळ मी जणू धावत होते आणि आता एकदम भिंत आली. मला आधीच माहीत होतं की तिचा करकोचा आहे. माझं डोकं आकड्यांमागे पळत होतं, आणि घरचा टॉवेल मागे राहून गेला होता.

पाच वाजता यादी अशीच लागली, तर कालिनाला जागा मिळणार होती. ती मिळाली नाही, तर? मिन्काआई सोमवारी गावी जाणार होत्या, टोमॅटोची रोपं लावायची वेळ आली होती, वर्षभराचं लोणचं आणि टोमॅटो-मिरचीची चटणी, ल्युतेनित्सा, त्याच रोपांवर. मग कालिनाला सांभाळायला घरी कोण? मीच. तीन आठवड्यांपूर्वी ह्या टेबलाशी बसून पहिल्यांदा गरम कॉफी शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायले होते, आणि स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडले होते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी. हे टेबल मला हवं होतं. आणि ते वाचवायला करायचं काय होतं? आधीच अर्धी लिहिलेली ओळ पुरी करायची. ‘हा आकडा फक्त चित्रासाठी आहे.’

ओग्न्यानला स्क्रीनवर काय दिसलं कोण जाणे, पण तो माझ्याकडे बघत होता. “तुझी पोर आहे ना ह्या यादीत?”

“आहे.”

“चित्र?”

“करकोचा.”

त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ऐक. चार वाजायला आलेत. आत्ता हात घातला तर पाचला यादी लागत नाही. यंदाची जाऊ दे. सोमवारी मी शांतपणे दुरुस्त करतो. कुणाला कळणारही नाही, आणि तू काही लबाडी केलेली नाहीस.”

तो हे माझ्या मायेने म्हणत होता. हेच जास्त अवघड झालं. कुणी दमदाटी केली असती तर मी भांडले असते.

मी पुन्हा यादी बघितली. अडतिसाव्या ओळीवर एक गाढव होतं, आकडा चार. कुण्या आईने एकदाच अर्ज भरला होता आणि चित्र बघून म्हणाली असेल, काय गोड गाढव आहे. कदाचित ती बागेत येत नसेल. कदाचित दिवसपाळी-रातपाळी करत असेल, वाळूत बसायला तिला वेळ कुठला? ती पाच वाजता फोन हातात धरून बसणार होती, आणि ती जिंकणार नाही हे मला चार वाजता माहीत होतं.

मी ‘खोटा’ हा शब्द खोडला. लिहिलं: इशारा खरा आहे. कारण खाली सविस्तर. आणि नाव घातलं, रालित्सा दोब्रेवा. खरं सांगायचं तर आतून मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तीन वर्षं कुणाला न दिसलेली गोष्ट मी पकडली होती!

“फोन मी करते,” मी म्हणाले.

मिहोवाबाईंनी पहिली पाच मिनिटं मला बोलूच दिलं नाही. “मुली, माझ्या दारात सहाशे आया उभ्या राहतील! कसला करकोचा? तुम्ही लोक दुपारी पिऊन बसता का?”

“बाई, गेल्या वर्षीची यादी उघडा. चिठ्ठीने लागलेल्यांत एक गाढव शोधून दाखवा.”

पलीकडे टिकटिक, मग शांतता, मग पुन्हा टिकटिक.

“...बेडूक तरी?” त्यांनी विचारलं.

“बेडूकही नाही.”

“अगं बाई,” मिहोवाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम माझ्या आईच्या वयाचा झाला. “माझ्या नातीला गाढव आलं होतं गं. दोन वर्षांपूर्वी.” मग पुन्हा ताठ. “किती वेळ लागेल?”

“साडेसहा. आणि एक सांगते, माझी मुलगी ह्या यादीत आहे आणि ह्या गोंधळात तिचा फायदा होता. म्हणून नवी चिठ्ठी मी काढणार नाही. ओग्न्यान काढेल आणि तुम्ही व्हिडिओवर समोर बसा.”

त्यानंतरचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. ओग्न्यान लिहीत होता आणि मी मागे उभी राहून वाचत होते. नवी चिठ्ठी आता चित्रापासून अगदी वेगळी, यादी लावायच्या क्षणी काढायची, आणि ओळखता येणार नाही अशा पद्धतीने. त्याने एकदा कंस विसरला, मी ओरडले. एकदा मी उगाच ओरडले, तो म्हणाला, “तू आता खरंच सासू झालीस.” वान्याने कुणी न मागता गरम तळलेल्या मेकित्सा आणून ठेवल्या, आम्ही तेलकट बोटांनीच टाइप करत राहिलो. सहा वाजून दहा मिनिटांनी स्कॅनर पुन्हा चालवला. हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि आम्ही तिघं श्वास रोखून उभे. चित्राच्या ओळीवर ती आली, थांबल्यासारखी वाटली, आणि पुढे गेली. हिरवं!

“सासूबाई खूश!” ओग्न्यानने दोन्ही हात वर केले आणि मिहोवाबाई व्हिडिओतून म्हणाल्या, “नाचणं नंतर. आधी चिठ्ठ्या.”

मी खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिले. मागे कळ दाबल्याचा आवाज आला. खिशात माझा फोन थरथरला, कारण त्या क्षणी मीसुद्धा गावातल्या सगळ्यांसारखी एक आईच होते.

पाच जागा. ससा, गाढव, अस्वल, करकोचा, बेडूक. त्या करकोच्याचा क्रमांक आमचा नव्हता. कालिना आठवी आली होती, म्हणजे प्रतीक्षा यादीत तिसरी. आणि ते गाढव? मी पुन्हा पुन्हा बघितलं. ते आकडा चारवालं नव्हतं, दुसरंच होतं. चारवालं सोळावं आलं. मला कुठेतरी वाटलं होतं तेच येईल. चिठ्ठीला माझ्या वाटण्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्यासाठीच तर दुपारभर आमची धावपळ चालली होती.

घरी पोचले तर मिन्काआई दारातच. त्यांना यादी बघून झाली होती. कालिना त्यांच्या कडेवर, मनगटावर पहिल्या मार्चला शुभ म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा चघळत.

“करकोचा हातात असून?” त्या म्हणाल्या. “असून कसं गं नाही लागलं?”

“आई, मीच उडवला तो.”

स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. गाढव, बाराशे आकडे, बॉयको, सव्वीस करकोचे. त्या टॉवेलाची घडी घालत ऐकत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

“म्हणजे माझं खरं होतं,” शेवटी त्या म्हणाल्या.

“तुमचं शंभर टक्के खरं होतं.”

“आणि तू म्हणालीस, असं काही नसतं.”

“म्हणाले. चुकले.”

“हे एकदा तुझ्या नवऱ्यासमोर म्हण, तो आला की.” मग त्यांनी टॉवेल मांडीवर पसरला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. “मी ते सात वेळा केलं,” त्या टॉवेलाकडे बघत म्हणाल्या. “आणि ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांची पोरं मागे पडली असती, होय ना?”

“तुम्हाला कुठे माहीत होतं, आई?”

“आज तुला होतं.”

 त्यांनी माझ्यापुढे सुपाची वाटी सरकवली आणि वरून पावाचा मोठा तुकडा, नेहमीपेक्षा मोठा.

“दुसरी यादी कधी?”

“तीन आठवड्यांनी. तिसरा नंबर आहे, लागेलही. नाहीही लागणार.”

“तीन आठवडे.” त्यांनी बाल्कनीकडे बघितलं, तिथे नवऱ्याची मोडकी सायकल आणि माझे रिकामे डबे होते. “सायकल तळघरात टाक म्हणावं त्याला. रोपं इथेच आणते. टोमॅटोला काय, ऊन असलं की झालं.”

मी उठून त्यांना मिठी मारली, मधे कालिना चेपली गेली आणि ओरडली.

“पुरे, पुरे. सूप सांडेल,” त्या म्हणाल्या. “आणि ऐक, तुमच्या त्या मशीनला काय म्हणता तुम्ही ऑफिसात?”

मी ओठ चावला.

“ओग्न्यानची बायको माझ्याबरोबर गायनाला येते,” मिन्काआई म्हणाल्या. “मला सगळं ठाऊक आहे. सोमवारी जाऊन तुमच्या त्या सासूला सांग, दुसऱ्या सासूने विचारलंय, बरी आहेस ना.”

कालिनाने टॉवेल ओढून घेतला आणि करकोच्याची लाल चोच तोंडात घातली.